रेणू डावा की उजवा? प्रकाशीय सेन्सरने ईई आणि कॉन्फिगरेशन कसं काढायचं

क्षयरोगाच्या उपचारात एचआरझेडई नावाची चार औषधांची एकत्रित गोळी असते. तिच्यातला 'ई' म्हणजे एथॅम्ब्युटॉल. या रेणूत दोन कायरल केंद्रं आहेत, म्हणजे असे कार्बन ज्यांच्याभोवतीची मांडणी डाव्या-उजव्या हातासारखी दोन प्रकारे होऊ शकते. या मांडणीला कॉन्फिगरेशन म्हणतात, आणि दोन प्रकारांना आर आणि एस. क्षयाच्या जंतूवर काम करतो तो मुख्यतः एस,एस प्रकार. त्याचं आरशातलं रूप, म्हणजे आर,आर, शेकडो पटींनी दुबळं आहे. औषध बनवताना (एस)-२-अमिनो-१-ब्युटेनॉलचे दोन रेणू दोन कार्बनच्या पुलाने जोडतात. त्यासाठी १,२-डायक्लोरोइथेन वापरतात.

आता कच्च्या मालात ९५ टक्के एस आणि ५ टक्के आर आहे असं धरा. जोड्या निव्वळ योगायोगाने जुळल्या तर ९०.२५ टक्के एस,एस, ९.५ टक्के मेसो (एक केंद्र एस, दुसरं आर) आणि ०.२५ टक्के आर,आर मिळेल. म्हणजे कच्च्या मालातली ५ टक्क्यांची भेसळ मालात जवळजवळ दुप्पट होऊन बसते. त्यामुळे एका हाताचा दुसऱ्यावरचा वरचढपणा (एनॅन्शिओमेरिक एक्सेस, थोडक्यात ईई) अमिनोब्युटेनॉलच्या टप्प्यावरच तपासायला हवा.

अडचण अशी की हा रेणू कुठल्याच यंत्राला नीट दिसत नाही. त्यात बेंझिनचं कडं नाही, कार्बोनिल नाही, त्यामुळे एचपीएलसीच्या (द्रवातलं मिश्रण वेगळं करणाऱ्या यंत्राच्या) यूव्ही, म्हणजे अतिनील, डिटेक्टरसमोरून तो गुपचूप निघून जातो. पोलॅरिमीटरवर (ध्रुवित प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) त्याचं भ्रमण जेमतेम १० अंशांच्या आसपास, आणि थोडं पाणी शिरलं तरी आकडा हलतो. कायरल जीसी (दोन्ही हात वायुरूपात वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफी) चांगली, पण आधी डेरिव्हेटिव्ह, म्हणजे रेणूचं बदललेलं रूप, करा आणि मग प्रत्येक नमुन्याला २०-२५ मिनिटं द्या. एका प्लेटवरचे ९६ नमुने म्हणजे ४० तास.

अशा वेळी प्रकाशीय सेन्सर कामाला येतो. पण तुमच्याकडे एकदोनच नमुने असतील तर या वाटेला जाऊ नका, सरळ जीसी करा. कॅटॅलिस्ट, द्रावक, तापमान बदलत पन्नास-शंभर प्रयोग मांडले असतील आणि त्यांतले कोणते पुढे न्यायचे हे संध्याकाळपर्यंत ठरवायचं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

सेन्सर नेमकं करतो काय

सेन्सर म्हणजे इथे एक छोटा रेणू. तो स्वतः कायरल नाही, पण प्रकाश भरपूर शोषतो. तुमच्या कायरल रेणूला तो जोडला गेला की त्याच्या रंगधारी भागाभोवतीची जागा एका बाजूला झुकते. मग डावीकडे फिरणारा आणि उजवीकडे फिरणारा वर्तुळ-ध्रुवित प्रकाश तो सारखा शोषत नाही. हा फरक सर्क्युलर डायक्रोइझम, म्हणजे सीडीच्या यंत्रावर मोजता येतो. एस जोडला तर एक वक्र, आर जोडला तर त्याचंच उलटं प्रतिबिंब. दोन्ही सारखे असतील तर सपाट रेघ.

साधं यूव्ही शोषण मात्र आर-एस असा भेद करत नाही. जितका रेणू जोडला गेला तितकं शोषण. म्हणून एकाच द्रावणातून दोन उत्तरं निघतात. यूव्हीवरून एकूण माल किती ते कळतं आणि सीडीवरून कोणत्या बाजूचा वरचढपणा किती ते.

तिसरा प्रश्न उरतोच: ही बाजू आर म्हणायची की एस? या प्रश्नाचं उत्तर सेन्सर देत नाही. सीडीची पट्टी धन आली म्हणजे आर, ऋण आली म्हणजे एस, असं काही नसतं. पोलॅरिमीटरच्या अधिक-उण्याशीही तिचा संबंध नाही. चिन्हाला नाव आपण द्यायचं असतं, आणि ते कशाच्या आधारावर दिलं हे सांगता आलं पाहिजे. किती, किती झुकलेलं आणि कोणता हात, हे तीन प्रश्न शेवटपर्यंत वेगळे ठेवा. या पद्धतीतले बहुतेक घोटाळे ते एकमेकांत मिसळल्याने होतात.

कोणता सेन्सर घ्यायचा

पर्याय बरेच आहेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कोजी नाकानिशी आणि नीना बेरोवा यांच्या गटाने १९९८ मध्ये झिंक पॉर्फिरिनचे 'चिमटे' वापरून डायअमाइन, अमिनो आम्लं आणि अमिनो अल्कोहोल यांचं कॉन्फिगरेशन काढून दाखवलं. पॉर्फिरिनची ४२० नॅनोमीटरच्या आसपासची पट्टी इतकी जोरदार असते की मायक्रोमोलर द्रावणावर भागतं. टेक्सास विद्यापीठात एरिक ॲन्सलिन यांच्या गटाने २०१२ मध्ये अमाइनसाठी लोहाची जुळणी मांडली: अमाइन आणि पिरिडिन-ॲल्डिहाइड यांचं इमाइन बनतं आणि अशी तीन इमाइनं एका लोह-आयनाभोवती बसतात. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या टोनी जेम्स आणि स्टीव्हन बुल यांची फॉर्मिलफिनाइलबोरॉनिक आम्ल, बिनॉल आणि अमाइन अशी तिघांची जुळणी आधी एनएमआरसाठी होती. बोरॉनिक आम्लाच्या जुळण्यांची प्रतिदीप्ती मोजणारी रूपंही पुढे निघाली. सीडी यंत्र नसेल आणि साधा फ्लोरोसन्स प्लेट रीडर असेल तर तिकडे वळा.

या लेखासाठी मी ४-क्लोरो-३-नायट्रोकुमारिन निवडलं आहे. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या क्रिश्चियन वुल्फ यांच्या गटाने २०१८ मध्ये कुमारिनवर आधारित सेन्सर अमाइन, अमिनो अल्कोहोल आणि अमिनो आम्लांवर वापरून दाखवले. निवडीची कारणं तीन. अभिक्रिया सरळ आहे: अमाइनचा नायट्रोजन क्लोरिनची जागा घेतो आणि सुटलेलं आम्ल ट्रायइथिलअमाइन पकडतं. बंध पक्का असल्याने द्रावण पातळ केलं तरी जुळणी सुटत नाही. आणि एक सेन्सर एकच रेणू धरतो, त्यामुळे सीडीचा आकडा ईईच्या सरळ प्रमाणात येतो. लोहाच्या जुळणीत एकाच आयनावर आर आणि एस दोन्ही बसू शकतात, आणि त्यामुळे आलेखाची रेघ वाकू शकते. तेही चालतं, पण पहिल्यांदा करणाऱ्याने सरळ रेघेपासून सुरुवात करावी.

टर्शरी अमाइनला हा सेन्सर चालणार नाही, कारण नायट्रोजनवर काढून टाकायला हायड्रोजनच नाही. एथॅम्ब्युटॉलमध्ये दोन नायट्रोजन आहेत, त्यामुळे एकेरी आणि दुहेरी जोडणीचं मिश्रण होऊ शकतं. तेव्हा तयार औषधावर हा प्रयोग करू नका.

तयारी

२-अमिनो-१-ब्युटेनॉलचे आर आणि एस दोन्ही विकत मिळतात. दोन्ही घ्या. फक्त एक घेऊन दुसरा 'उलटा असणारच' असं धरणं ही वाईट काटकसर आहे. दोघांच्या बाटलीवरची ईई वाचा. ती ९८ टक्के असेल तर कॅलिब्रेशनमध्ये १०० लिहायची नाही, ९८ लिहायची.

असली अमाइनं हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. बाटलीच्या तोंडाशी, झाकणाच्या आट्यांमध्ये पांढरं कवच दिसलं तर तो कार्बोनेट आहे. त्यातून वजन केलेला माल नावापुरताच अमाइन असतो. नायट्रोजनखाली ठेवलेली ताजी बाटली घ्या. २-अमिनोब्युटेनॉल घट्टसर द्रव आहे, पिपेटच्या टोकाला चिकटून राहतो. म्हणून आकारमानाने मोजू नका, वजन करूनच घ्या.

स्टॉक द्रावणं ॲसिटोनायट्रिलमध्ये करा.

अमाइनचा स्टॉक, १० मिलीमोलर: ८.९ मिलिग्रॅम अमिनोब्युटेनॉल (रेणुभार ८९.१) आणि २८ मायक्रोलिटर ट्रायइथिलअमाइन, १० मिलिलिटरपर्यंत. आरचा वेगळा, एसचा वेगळा.

सेन्सरचा स्टॉक, १२ मिलीमोलर: २७.१ मिलिग्रॅम ४-क्लोरो-३-नायट्रोकुमारिन (रेणुभार २२५.६), १० मिलिलिटरपर्यंत. हा त्या दिवशीच करा. पाण्याने क्लोरिन हळूहळू निघून जातो आणि सेन्सर निकामी होतो.

९ मिलिग्रॅम तोलायला चार दशांशांचा काटा काठावरचा आहे. शक्य असेल तर दहापट माल तोलून दहापट जास्त आकारमानात न्या. सेन्सर क्रियाशील नायट्रो संयुग आहे, हातमोजे घाला आणि सगळं फ्यूमहुडमध्ये करा. उरलेलं हॅलोजनयुक्त कचऱ्याच्या कॅनमध्ये.

जोडणी, आणि ती पूर्ण झाली हे कसं ओळखायचं

व्हायलमध्ये १ मिलिलिटर अमाइन स्टॉक आणि १ मिलिलिटर सेन्सर स्टॉक घाला, झाकण लावा, खोलीच्या तापमानाला ढवळत ठेवा. आता अमाइन ५ मिलीमोलर आणि सेन्सर ६ मिलीमोलर आहे, म्हणजे सेन्सर थोडा जास्त.

किती वेळ ठेवायचं ते घड्याळावर सोडू नका. पहिल्या व्हायलमधून दर ५ मिनिटांनी थोडं काढून ठरावीक प्रमाणात पातळ करा आणि २५० ते ५०० नॅनोमीटर यूव्ही स्पेक्ट्रम घ्या. लागोपाठचे दोन स्पेक्ट्रम एकमेकांवर तंतोतंत बसले की जोडणी झाली. त्याच्या दुप्पट वेळ सगळ्या नमुन्यांना द्या. तुमच्या प्रयोगशाळेत एसी बंद पडला किंवा द्रावकात पाणी जास्त असलं तरी मग धास्ती राहत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. सेन्सर स्वतः कायरल नसल्याने आर आणि एस दोघेही त्याच्याशी सारख्याच वेगाने जुळतात. म्हणून जोडणी ८० टक्क्यांवर थांबली तरी जोडलेल्या भागातलं आर-एसचं प्रमाण मूळ नमुन्याइतकंच राहतं. ईई बिघडत नाही, फक्त एकूण मालाचा आकडा कमी येतो. बिनॉलसारखा कायरल घटक असलेल्या जुळणीत ही सवलत नाही. तिथे एक हात दुसऱ्यापेक्षा लवकर जुळू शकतो आणि अर्धवट अभिक्रिया ईईलाच खोटं पाडते.

जोडणी झाली की ६० मायक्रोलिटर घेऊन ॲसिटोनायट्रिलने ३ मिलिलिटर करा. हे झालं ०.१ मिलीमोलर, आणि १ सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये जायला तयार.

सीडी यंत्रावर

रसायनशास्त्र विभागात सीडी नसेल तर जैवरसायनवाल्यांकडे विचारा. प्रोटीनची घडी बघायला त्यांना ते रोज लागतं. मात्र त्यांच्या सवयीची मांडणी १ मिलिमीटरचा क्युवेट आणि १९० ते २६० नॅनोमीटर अशी असते. ती बदलायला विसरू नका.

दिवा लावण्याआधी नायट्रोजन सोडा. झेनॉनच्या दिव्याने हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो आणि तो आरसे खातो. दिवा तापायला अर्धा तास द्या. मग यंत्र खरं बोलतंय का ते तपासा: अमोनियम डी-१०-कॅम्फरसल्फोनेटचं पाण्यातलं ०.०६ टक्के द्रावण, १ सेंटिमीटरचा क्युवेट, २९०.५ नॅनोमीटर. तिथे +१९०.४ मिलीडिग्री यायला हवेत. एकदोन मिलीडिग्रीपेक्षा जास्त फरक असेल तर यंत्र सांभाळणाऱ्यांना सांगा, पुढे जाऊ नका. या एका द्रावणाने चिन्हाचीही खात्री होते, आणि डाव्या-उजव्याचा प्रश्न असताना तीच जास्त महत्त्वाची.

बँडविड्थ १ नॅनोमीटर, वेग मिनिटाला ५० नॅनोमीटर, प्रतिसाद-काळ १ सेकंद. हे आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत. प्रतिसाद-काळात यंत्र जितके नॅनोमीटर पुढे सरकतं, ते बँडविड्थपेक्षा कमी असायला हवेत. इथे ते ०.८३ भरतात. घाईने वेग २०० केला आणि बाकी तसंच ठेवलं तर शिखर बुटकं होतं आणि जागेवरून सरकतं.

शोषण ०.५ ते १ च्या दरम्यान ठेवा. खूप गडद द्रावणात डिटेक्टरला प्रकाशच पोचत नाही, तो व्होल्टेज वाढवत राहतो आणि सुंदर दिसणारे पण खोटे डोंगर काढतो. म्हणून सीडीच्या खालची एचटी व्होल्टेजची (डिटेक्टरला मिळणाऱ्या व्होल्टेजची) रेघ कायम उघडी ठेवा. ती ६०० व्होल्टच्या वर गेली तर तिथला सीडी वाचायचाच नाही. शिखरावर बसलेला एचटीचा डोंगर न बघता सीडी छापून आणणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात.

क्युवेट एकच वापरा, एकाच बाजूने ठेवा, काचेवर पेन्सिलीची खूण करा. काचेतला ताणसुद्धा सीडीसारखा सिग्नल देऊ शकतो. शंका आली तर क्युवेट ९० अंशांत फिरवून परत मोजा. सिग्नल बदलला तर तो रेणूचा नाही. बेसलाइन नुसत्या द्रावकाची नको, सेन्सर आणि ट्रायइथिलअमाइन असलेल्या पण अमाइन-विरहित द्रावणाची घ्या.

कॅलिब्रेशन

आर आणि एसचे स्टॉक मिसळून −१०० ते +१०० ईईपर्यंतचे अकरा नमुने करा, २०-२०च्या टप्प्याने. ईई म्हणजे आर वजा एस भागिले आर अधिक एस, गुणिले १००. इथे आर अधिक धरला आहे. एस अधिक धरलात तरी चालेल, पण वहीच्या पहिल्याच पानावर तसं लिहा. आरचा वाटा काढायचा तर ईईमध्ये १०० मिळवून २०० ने भागा. +६० ईईसाठी तो ०.८ येतो, म्हणजे ८०० मायक्रोलिटर आर आणि २०० मायक्रोलिटर एस.

त्याआधी एक तपासणी. निव्वळ आर आणि निव्वळ एस, दोन्हींच्या जोडलेल्या द्रावणांचं यूव्ही शोषण जुळतं का बघा. एकाचं ०.९० आणि दुसऱ्याचं ०.८४ आलं तर तुमचे स्टॉक सारखे नाहीत आणि अकराच्या अकरा नमुने वाया जाणार. हे मिसळण्याच्या आधी कळलेलं बरं.

आता सीडी घ्या. ३०० नॅनोमीटरच्या वर, जिथे शिखर ठळक आहे आणि शिल्लक सेन्सरचं शोषण कमी आहे, अशी एक तरंगलांबी निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. आरचा आणि एसचा वक्र एकमेकांवर उलटे ठेवून पाहा. शून्य ईईचा नमुना सपाट आला पाहिजे. या दोन्ही कसोट्या उतरल्या तरच रेघ काढा. रेघ सरळ येते का, शून्यातून जाते का, हे संगणकाच्या आर-वर्गापेक्षा (R²) डोळ्यांनी बघा. ०.९९९ छापून येतं आणि रेघ ईईच्या दोन एककांनी सरकलेली असते.

आणि आता तो हिशोब, जो केल्याशिवाय कुणालाही ईई सांगू नये. समजा १०० टक्के ईईला तुमचा सिग्नल ९ मिलीडिग्री आहे आणि शोषण ०.९. मिलीडिग्रीला ३२,९८० ने भागलं की डाव्या-उजव्या शोषणातला फरक मिळतो: ०.०००२७. तो ०.९ ने भागला की जी-फॅक्टर (हा फरक आणि एकूण शोषण यांचं गुणोत्तर) ०.०००३. म्हणजे यंत्र दहा हजारातल्या तिनाचा फरक पकडतंय. १ टक्का ईई म्हणजे फक्त ०.०९ मिलीडिग्री. यंत्राचा गोंगाट ०.२ मिलीडिग्री असेल तर ९५ आणि ९७ यांत फरक सांगण्याचा तुम्हाला अधिकार नाही. चार स्कॅनची सरासरी घेतलीत तर गोंगाट निम्मा होतो, सोळांची घेतलीत तर पाव. त्यापुढे वेळ जातो, हाती फार काही लागत नाही.

अनोळखी नमुना

कॅलिब्रेशनला केलं तेच सगळं करा: तीच प्रमाणं, तोच द्रावक, तीच थांबण्याची वेळ, तोच क्युवेट. मग यूव्ही आणि सीडी दोन्ही वाचा.

समजा तुमच्या निव्वळ आर प्रमाणाचं (स्टँडर्डचं) शोषण ०.९० आणि सीडी +९.० मिलीडिग्री आहे. नमुन्याचं शोषण ०.७२ आणि सीडी −५.४. एकूण अमाइन ०.७२ भागिले ०.९०, म्हणजे अपेक्षेच्या ८० टक्के. अभिक्रियेतून आलेला नमुना असेल तर हा तुमचा उतारा. सीडीला शोषणाने भागा: प्रमाणासाठी १०, नमुन्यासाठी −७.५. ईई −७५ टक्के, म्हणजे ८७.५ भाग एस आणि १२.५ भाग आर. शोषणाने न भागता नुसत्या −५.४ वरून ईई काढली असती तर −६० आली असती. कमी माल असलेला चांगला नमुना असा नापास होतो. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही मोजायचे.

या भागाकारातलं शोषण शिल्लक सेन्सरचं वजा करून घ्यायचं, हे ध्यानात असू द्या.

नमुना टार्टारिक आम्लाच्या क्षाराच्या रूपात आला असेल, आणि अमिनोब्युटेनॉलचे हात वेगळे करायला एल-टार्टारिक आम्ल वापरतात, तर दोन गोष्टी बदलतात. ते आम्ल शमवायला ट्रायइथिलअमाइन वाढवावं लागतं, आणि क्षार ॲसिटोनायट्रिलमध्ये विरघळायला कुरकुर करतो. थोडं पाणी किंवा मिथेनॉल घाला, सेन्सर ते सहन करतो. मात्र कॅलिब्रेशनही त्याच मिश्रणात पुन्हा करावं लागेल. टार्टारिक आम्ल स्वतः कायरल असलं तरी ३०० नॅनोमीटरच्या वर ते शोषत नाही, तेव्हा त्याचा त्रास नाही. (१८४८ मध्ये लुई पाश्चरने चिमट्याने वेगळे केले ते याच आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक. तेच आम्ल आज एथॅम्ब्युटॉलच्या कच्च्या मालात भेटतं.)

अभिक्रियेतून थेट काढलेले नमुने

शुद्ध न केलेल्या मिश्रणात खरी परीक्षा असते, आणि सगळ्यात वाईट फसवणूक दुसऱ्या अमाइनची. ट्रान्सअमिनेज (अमिनो गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या) एन्झाइमने केलेल्या अभिक्रियेत अमाइन-दाता म्हणून आयसोप्रोपिलअमाइन भरपूर घालतात. ते सेन्सर आधी खाऊन टाकेल. ते कायरल नसल्याने सीडीत दिसणार नाही, पण यूव्हीत 'माल' म्हणून मोजलं जाईल आणि ईई खऱ्यापेक्षा खूप कमी दिसेल. दाता म्हणून एल-ॲलनिन असेल तर आणखी वाईट, कारण ते स्वतःची सीडीही मिसळतं. अशा मिश्रणात आधी दाता काढा: आयसोप्रोपिलअमाइन ३२-३३ अंशांना उकळतं, ते बाष्पीभवनाने जातं. अभिक्रिया पाण्यातली असेल तर आधी माध्यम अल्कधर्मी करा, नाहीतर ते क्षाराच्या रूपात तिथेच बसून राहील. ॲलनिनला एक्स्ट्रॅक्शन.

नमुन्यात किती अमाइन आहे याचा अंदाज नसेल तर सेन्सर दुप्पट घ्या आणि शेवटी थोडा सेन्सर शिल्लक राहिलाय याची टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) खात्री करा.

कायरल लिगंड किंवा कॅटॅलिस्ट मिश्रणात उरलेला असतो. सेन्सर न घालता तेच मिश्रण तितकंच पातळ करून सीडी घ्या. ३०० च्या वर रेघ सपाट असेल तर सुटलात. नसेल तर ती रेघ वजा करा, किंवा जास्त लाल बाजूला (लांब तरंगलांबीला) शोषणारा सेन्सर शोधा.

द्रावण गढूळ दिसलं तर ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. विखुरलेला प्रकाश शोषण म्हणून मोजला जातो.

आता नाव देऊ या: आर की एस

दोन्ही हात हाताशी असतील, जसे इथे आहेत, तर प्रश्न सोपा. निव्वळ एस प्रमाणाची पट्टी ज्या चिन्हाची, त्याच चिन्हाचा नमुना एसकडे झुकलेला. प्रमाणाची बाटली बरोबर आहे याची पोलॅरिमीटरवर एकदा खात्री करा: (एस)-२-अमिनोब्युटेनॉल निव्वळ द्रव असताना उजवीकडे वळवतं.

नमुन्याचे दोन्ही हात मिळत नाहीत, पण त्याच घराण्यातली दुसरी अमाइनं मिळतात, अशी वेळ जास्त येते. तिथे तीनचार नातेवाइकांची सीडी घ्या आणि पाहा: नायट्रोजन समोर धरला तर मोठा गट, छोटा गट आणि हायड्रोजन यांची मांडणी सारखी असताना चिन्ह सारखं येतं का? तुलना मांडणीची करायची, अक्षराची नाही. अक्षर कसं दगा देतं ते आपल्याच रेणूवर बघा. (एस)-२-अमिनो-१-ब्युटेनॉलमधला ऑक्सिजन मनातल्या मनात काढून टाका. हायड्रॉक्सिमिथिलच्या जागी मिथिल आलं, बाकी काहीही हललं नाही. तयार झालं सेक-ब्युटिलअमाइन, आणि त्याचं नाव आता (आर). कारण आधी हायड्रॉक्सिमिथिलचा क्रम इथिलच्या वर होता, आता मिथिल इथिलच्या खाली गेलं. हात तोच, अक्षर उलटं. 'आरला धन येतं' असा नियम वहीत लिहिणारा इथे हमखास आपटतो. आणि ऑक्सिजन गेल्याने हायड्रोजन बंधही गेला, म्हणजे सेन्सरभोवतीची बसण्याची पद्धत बदलून चिन्ह खरोखरच उलटू शकतं. म्हणून एका नातेवाइकावर विसंबू नका.

नातेवाईकही नसतील तर एक्सायटॉन जोडणीचा आधार घ्या, आणि पॉर्फिरिनचे चिमटे त्यासाठीच आहेत. दोन जोरदार रंगधारी भाग एकमेकांजवळ तिरके बसले की सीडीत एक धन आणि एक ऋण अशी जोडी दिसते. लांब तरंगलांबीचं शिखर धन असेल तर पुढच्या भागाकडून मागच्याकडे जाताना वळण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ऋण असेल तर उलट. पण वळणावरून कायरल केंद्राकडे जायला रेणू चिमट्यात कसा बसतो याचं मॉडेल लागतं, आणि ते मॉडेल चुकलं तर उत्तर आत्मविश्वासाने चुकतं. नवीन रेणूचं कॉन्फिगरेशन शोधनिबंधात किंवा फायलीत जाणार असेल तर एका स्फटिकाचं क्ष-किरण चित्र घ्याच. १९५१ मध्ये बिव्होएट आणि सहकाऱ्यांनी सोडियम-रुबिडियम टार्टरेटवर ते पहिल्यांदा केलं, आणि आजही शेवटचा शब्द त्याचाच.

प्लेट लावण्यापूर्वी

शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी पाच नमुने गुपचूप बनवायला सांगा. दोन्ही बाजूंचे, एक शून्याजवळचा, एक ९० च्या वरचा, आणि एकात एकूण माल मुद्दाम कमी. तुमची उत्तरं आणि खरे आकडे यांतला सरासरी फरक हीच तुमच्या पद्धतीची अचूकता, कॅलिब्रेशनच्या रेघेची नव्हे. ३ ते ५ टक्के ईईचा फरक या जातीच्या पद्धतींना नवा नाही, आणि छाननीला तो पुरतो. शून्याजवळच्या नमुन्याचं चिन्हही बरोबर आलं पाहिजे. तिथे चिन्ह चुकलं तर बेसलाइन सरकली आहे.

अहवालात ईईच्या शेजारी हा फरक, तरंगलांबी, सेन्सरचं प्रमाण आणि द्रावक लिहा, आणि कॉन्फिगरेशनच्या रकान्यात आर किंवा एसच्या पुढे आधारही लिहा: 'प्रमाणाशी थेट तुलना', 'सदृश अमाइनांवरून' किंवा 'मॉडेलवरून'. ९६ मधून वर आलेले पाचसहा नमुने कायरल जीसीवर पाठवा. एथॅम्ब्युटॉलच्या कच्च्या मालासाठी ९९ आणि ९९.५ यांतला फरक हवा असेल तर तो तिथूनच येईल, सीडीवरून नाही.